मुक्काम पडला तिथली अमेरिका

सिनसिनाटीत घर भाड्यानं घेतल्यावर फ्रान्सिस ट्रॉलप या इंग्लिश बाईंना पहिली अडचण आली ती खरकट्याची. स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकायचा कुठे, असं त्यांनी घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, रस्त्यात टाका. पण कडेला नको, कडेला टाकायला कायद्यानं बंदी आहे. बरोबर मधोमध टाका, म्हणजे डुकरं येऊन फस्त करतील. आणि गावात डुकरांचा तुटवडा नव्हताच. साल १८२८. गाव वसून जेमतेम चाळीस वर्षं झालेली, वस्ती पंचवीस हजारांच्या आत, आणि डुकराचं मांस खारवून, पिंपांत भरून नदीनं खाली पाठवणं हा तिथला जोराचा धंदा. लोक गावाला ‘पोर्कोपोलिस’ म्हणजे डुक्करनगरी म्हणायचे.

बाई तिथे राहायला म्हणून आल्याच नव्हत्या. नवऱ्याची वकिली बुडत चाललेली, घरात पैशाची ओढाताण. तीन मुलांना घेऊन त्या १८२७ च्या नाताळात मिसिसिपीच्या मुखाशी पोचल्या आणि बोटीनं वर मेम्फिसला आल्या. गुलामांना शिकवून मोकळं करायचं म्हणून त्यांच्या मैत्रिणीनं, फ्रान्सिस राइटनं, टेनेसीच्या रानात नशोबा नावाची वसाहत काढली होती. तिथे जाऊन पाहतात तर गळकी लाकडी घरं आणि हिवताप. दहा दिवसांत गाशा गुंडाळला. सिनसिनाटीत पोचल्यावर नवऱ्याकडून पैसे येईनात, त्यामुळे दोन वर्षं मुक्काम पडला. परत गेल्यावर १८३२ साली त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावात ‘सिनसिनाटी’ नाही. ‘डोमेस्टिक मॅनर्स ऑफ दि अमेरिकन्स’ असं सरसकट नाव आहे. पूर्व किनाऱ्यावरची शिष्ट मंडळी भडकली ती इथेच. बाईंनी रानातल्या एका गावाच्या पायलीनं सगळा देश मोजला, ही त्यांची तक्रार. न्यूयॉर्कच्या नाटकगृहात कुणी पुढच्या कठड्यावर पाय टाकून बसला की पिटातून ‘ट्रॉलप! ट्रॉलप!’ असा ओरडा व्हायचा, अशी आठवण सांगतात. मार्क ट्वेननं मात्र पुढे बाईंची बाजू घेतली. त्या खरं तेच बोलल्या, असं त्याचं मत होतं.

तक्रार खोटी नव्हती. तरी ब्रिटिश प्रवाशांची ही जुनी पुस्तकं एकामागून एक वाचत गेल्यावर मला एक गोष्ट जाणवली, आणि ती तक्रारीच्या उलट आहे. अमेरिका हा एकसुरी देश नाही, इथला माणूस नदी ओलांडली की बदलतो, हे ज्यांना दिसलं ते बहुतेक करून कुठेतरी अडकलेले लोक होते. कुणी पैशानं, कुणी लग्नानं, कुणी लढाईनं. ज्यांच्या खिशात परतीचं तिकीट आणि ओळखीची पत्रं होती, त्यांना सगळीकडे एकच अमेरिकन भेटत राहिला.

ट्रॉलपबाईंचा मोलकरणीचा प्रसंग घ्या. सिनसिनाटीत कामाला मुलगी मिळेना. मिळाली तर तिला ‘सर्व्हंट’ म्हटलेलं खपेना; ‘हेल्प’ म्हणायचं. आपल्याकडे मोलकरीण जाऊन मावशी आल्या, त्यातलाच प्रकार. बाईंना हा लोकशाहीचा माज वाटला. पण हे गाव ओहायो नदीच्या उत्तर काठावर, आणि समोरचा काठ केंटकीचा. उत्तरेला गुलामी नाही, दक्षिणेला आहे. पलीकडे ‘सर्व्हंट’ हा शब्द विकत घेतलेल्या माणसासाठी सभ्यपणे वापरायचे. अलीकडच्या शेतकऱ्याच्या पोरीला तो शब्द का टोचत असेल, हे लंडनमध्ये बसून कळलं नसतं. बाईंनाही ते पुरतं कळलं असं वाटत नाही, पण त्यांनी प्रसंग लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळतो.

हे भेद देशाहून जुने होते. अँड्र्यू बर्नबी नावाचा इंग्लिश पाद्री १७५९-६० मध्ये व्हर्जिनियापासून वर न्यू हॅम्पशरपर्यंत हिंडला. तेव्हा अमेरिका नावाचं राष्ट्र नव्हतं, वसाहती होत्या. त्याचा निष्कर्ष असा की आग आणि पाण्यातही नसेल इतकं अंतर या वसाहतींत आहे. यांना मोकळं सोडलं तर एक होणं दूरच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यादवी माजेल. पुस्तक छापून आलं १७७५ साली. पुढच्याच वर्षी तेराही वसाहतींनी मिळून स्वातंत्र्य जाहीर केलं. पाद्रीबुवांच्या भाकिताइतकं लवकर कुणाचंच भाकीत खोटं ठरलं नसेल. मग १८६१ उजाडलं, आणि यादवी झालीच.

गंमत म्हणजे ज्या रेषेवर पुढे हा देश फाटला ती आखली दोन इंग्रजांनीच. पेनसिल्व्हेनियाचं पेन घराणं आणि मेरीलंडचं कॅल्व्हर्ट घराणं यांचा बांधाचा तंटा होता. मोजणीसाठी चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांना बोलावलं. १७६३ ते १७६७ ते जंगल तोडत रेषा ओढत होते. दर मैलाला एक दगड, दर पाचव्या मैलाला दोन्ही घराण्यांची चिन्हं कोरलेला दगड, आणि दगडसुद्धा जहाजानं इंग्लंडहून आणलेले. १७८० साली पेनसिल्व्हेनियानं गुलामी हळूहळू बंद करण्याचा कायदा केला. मेरीलंडनं केला नाही. जमिनीची हद्द होती ती माणसाची हद्द झाली.

डेव्हिड हॅकेट फिशर या अमेरिकन इतिहासकारानं १९८९ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून असं मांडलं की हे भेद मुळात ब्रिटनमधूनच गेले. मॅसॅच्युसेट्सला ईस्ट अँग्लियाचे प्युरिटन, व्हर्जिनियाला दक्षिण इंग्लंडचे जमीनदार आणि त्यांचे नोकर, डेलावेअर खोऱ्यात मिडलँड्सचे क्वेकर, ॲपलाचियन डोंगरात स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडचे सीमेवरचे भांडखोर लोक. या मांडणीवर आक्षेप खूप आहेत, आणि तिच्यात आफ्रिकेहून आणलेल्या माणसांना जागा फार थोडी मिळते. तरी ती डोक्यात ठेवून ही प्रवासवर्णनं वाचली की मजा येते. इंग्रज प्रवासी ज्याला ‘अमेरिकन खोड’ म्हणून नाक मुरडतो, ती कधीकधी त्याच्याच देशातल्या दुसऱ्या कोपऱ्यातली असते.

१८४० च्या सुमाराला या प्रवाशांचा एक ठरलेला फेरा तयार झाला होता. बॉस्टन, तिथून लोवेलच्या गिरण्या, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचा तुरुंग, वॉशिंग्टन, पश्चिमेच्या नद्या आणि शेवटी नायगारा. आपल्याकडचे आईवडील मुलाकडे गेले की पहिल्या उन्हाळ्यात त्यांना न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा दाखवून आणतात आणि जमलं तर बॉस्टन. तोच हा फेरा. माझ्या मावशीनं तो केला. फोटो दाखवताना मात्र ती नायगाऱ्याबद्दल दोन वाक्यं बोलली आणि नातवंडाच्या निमित्तानं ओहायोतल्या ज्या गावात सहा महिने काढावे लागले त्याबद्दल तासभर. समोरची म्हातारी दर रविवारी चर्चमधून येताना कुणासाठी जेवणाचा डबा न्यायची, इथपर्यंत तिला माहीत होतं.

चार्ल्स डिकन्सनं १८४२ मध्ये हा फेरा पूर्ण केला, तीस वर्षांचा असताना, जगप्रसिद्ध असताना. लोवेलमध्ये त्यानं सूतगिरणीतल्या मुली पाहिल्या. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या लेकी, गिरणीच्या वसतिगृहात राहणाऱ्या. वसतिगृहांत वर्गणीनं घेतलेला पियानो, मुली ग्रंथालयाच्या सभासद, आणि स्वतः लिहून त्या ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचं मासिक काढत. इंग्लंडमधल्या वाचकांना हे पटणार नाही, हे ओळखूनच त्यानं ते लिहिलं. अंकांची चारशे पानं वाचल्याचंही सांगितलं. त्या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेत गुलाम वेचत होते. महिन्याभरानं तो त्या दिशेला निघाला.

वॉशिंग्टनहून रिचमंडला जाताना त्याच्या गाडीत काळ्यांच्या डब्यात एक आई आणि तिची मुलं होती. नुकतीच विकली गेलेली. नवरा जुन्या मालकाकडेच राहिलेला. मुलं वाटभर रडत होती. विकत घेणारा याच गाडीत होता आणि गाडी थांबली की उतरून आपला माल जागेवर आहे ना, हे बघून येत होता. पुढे चार्ल्सटनला जायचा बेत होता. उकाडा वाढत चालला होता आणि मन विटलं होतं. रिचमंडला तंबाखूचा कारखाना वगैरे बघून डिकन्स मागे फिरला. म्हणजे त्यानं पाहिलेली दक्षिण ही फक्त उंबरठ्यावरची. पश्चिमेला जाताना कालव्याच्या नावेत भिंतीला टांगलेल्या तीन-तीन फळ्या त्याला आधी पुस्तकांच्या वाटल्या, मग कळलं की त्यांवर आपण झोपायचं आहे. हा माणूस विनोद करायला लागला की बघत राहावं. पण तंबाखूच्या पिंका त्याला वॉशिंग्टनलाही दिसल्या आणि ओहायोच्या बोटीवरही, आणि सगळा देश त्याला त्या पिचकारीनं जोडलेला दिसला. पुण्यामुंबईच्या जिन्यांचे कोपरे पाहिलेला वाचक या बाबतीत फार बोलू शकत नाही.

डिकन्स जिथून परतला तिथून कितीतरी पुढे एक इंग्लिश बाई त्याच्या तीन वर्षं आधीच पोचली होती. फॅनी केंबल ही लंडनची गाजलेली नटी. १८३२ मध्ये नाटकांच्या दौऱ्यावर अमेरिकेत आली आणि १८३४ साली फिलाडेल्फियाच्या पियर्स बटलरशी तिनं लग्न केलं. बटलर घराण्याची श्रीमंती जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांतून, म्हणजे शेकडो गुलामांच्या श्रमातून येत होती. १८३८ च्या अखेरीला नवरा मळ्यांची व्यवस्था बघायला निघाला, तशी ती दोन लहान मुलींना घेऊन बरोबर गेली. आल्टामाहा नदीतल्या बटलर बेटावर आणि मग सेंट सायमन्स बेटावर सुमारे चार महिने तिनं काढले.

तिची रोजनिशी मॅसॅच्युसेट्समधल्या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांसारखी आहे. वाद घालण्यापेक्षा ती मोजते. मळ्यावरच्या दवाखान्यात जाते तेव्हा किती खिडक्यांना काचा आहेत, जमीन मातीची आहे, बाळंतिणी त्याच मातीवर पडल्यात, हे लिहिते. बायका तिच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येत. मागणी काय, तर बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी शेतात कुदळ धरायला लावतात, ते एक महिन्यानं लावावं. एके दिवशी आलेल्या बायकांची तिनं यादीच केली. अमकीला इतकी मुलं झाली, त्यातली इतकी गेली, इतक्या वेळा गर्भ पडला. एकेका ओळीत एकेक बाई. ही दीड पानांची यादी वाचताना मला आपल्याकडच्या जन्ममृत्यूच्या सरकारी वहीची आठवण झाली, आणि त्याहून जास्त काही बोलवत नाही. नवऱ्यानं शेवटी सांगून टाकलं की यांच्या तक्रारी माझ्यापर्यंत आणू नकोस.

पण केंबलला फक्त मालक आणि गुलाम एवढंच दिसलं असतं तर ती रोजनिशी एका बाजूचा दस्तऐवज म्हणून राहिली असती. तिला दक्षिणेच्या आतली दक्षिणही दिसली. पाइनच्या रानात राहणारे कंगाल गोरे, जे काम करणं हे गुलामाचं लक्षण समजून उपाशी बसतील. ब्रन्सविकचा कालवा खणायला आणलेले आयरिश मजूर, ज्यांना काळ्या मजुरांपासून मैलोन्‌मैल लांब ठेवलं होतं, एकत्र आले तर मारामाऱ्या होतील म्हणून. फिलाडेल्फियाच्या दिवाणखान्यात हीच माणसं ‘दक्षिणेचे लोक’ या एका शब्दात मावत होती.

रोजनिशी चोवीस वर्षं पेटीत राहिली. नवरा मुली देणार नाही ही भीती होती. १८४९ मध्ये घटस्फोट झाला. १८५९ च्या मार्चमध्ये कर्जबाजारी बटलरनं सव्हानाला दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसं लिलावात विकली. यादवीच्या मध्यावर, १८६३ मध्ये, इंग्लंडचं लोकमत दक्षिणेकडे झुकतंय असं दिसल्यावर केंबलनं ती छापली. दहा वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या लढाईतलं हे एक छोटं हत्यार.

लढाईनं अडकवलेला प्रवासी म्हणजे विल्यम हॉवर्ड रसेल, ‘टाइम्स’चा बातमीदार. क्रिमिया पाहिलेला, १८५८ मध्ये लखनौ पडताना तिथे हजर असलेला. १८६१ मध्ये यादवी जिथून पेटली तो फोर्ट समटर किल्ला पडल्यावर काही दिवसांतच तो चार्ल्सटनला पोचला. तिथले जमीनदार त्याला जेवायला बोलावून म्हणत, आमच्यावर राज्य करायला तुमचा एखादा राजपुत्र द्या. राणीच्या देशाविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्यांचे हे नातू. न्यू इंग्लंडच्या माणसांचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदले. रसेलनं हा द्वेष जसा दिसला तसा लिहिला, आणि गुलामांचा बाजारही. मग जुलैत बुल रनला उत्तरेची सेना पळत सुटली, तेही जसं दिसलं तसं लिहिलं. त्यावर उत्तरेनं त्याला ‘बुल रन रसेल’ म्हणून झोडपलं आणि फौजेबरोबर जायचा परवाना नाकारला. दोन्ही बाजूंना तो नकोसा झाला. बातमीदाराला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कोणतं?

इंग्लिश लेखिका हॅरिएट मार्टिनो या सगळ्यांत शिस्तीची. ऐकू कमी येई, कानाला कर्णा लावून लोकांना बोलतं करी. १८३४ साली अमेरिकेला जाताना जहाजावरच तिनं परका समाज बघायचा कसा यावरच्या पुस्तकाचा कच्चा खर्डा केला. दक्षिणेत तिचं आदरातिथ्य झालं. बॉस्टनमध्ये गुलामीविरोधी बायकांच्या सभेत ती चार शब्द बोलली आणि त्याच सुसंस्कृत बॉस्टनमधली आमंत्रणं आटली. उत्तर म्हणजे पुण्यवंतांची आणि दक्षिण म्हणजे पाप्यांची, अशी सोपी वाटणी तिला करता आली नाही ती या अनुभवामुळे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहूनच अमेरिकेत गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी, आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या. त्यांच्या मराठी पुस्तकात अमेरिकेची तुलना होते ती इंग्लंडशीही. त्या ब्रिटिश नव्हत्या, पण वाट तीच होती.

आगगाडी देशभर पसरल्यावर दोन गोष्टी झाल्या. १८७९ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्थलांतरितांच्या स्वस्त गाडीनं न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला गेला. आजारी, खिशात पैसा नाही. युनियन पॅसिफिकच्या गाडीत तीन भाग: बायकामुलं, एकटे पुरुष, आणि चिनी. रात्री झोपायला दोन बाकांवर टाकायची फळी आणि पेंढा भरलेल्या उश्या विकत घ्यायच्या. दर आधी अडीच डॉलर, गाडी सुटेपर्यंत उतरत गेला. चिन्यांना सगळे घाणेरडे म्हणत, आणि स्टीव्हन्सन पाहतो तर सगळ्या गाडीत तेच सतत हातपाय धूत होते. नेब्रास्काचं न संपणारं माळरान तो दिवसभर बघतो. समोरून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या येतात तर त्याही भरलेल्या, आणि त्यांच्या खिडक्यांतून माणसं ओरडून सांगताहेत, मागे फिरा. पश्चिमेत सोनं आहे असं समजून निघालेल्या गाडीला हे ऐकायला मिळावं!

त्याच रुळांवरून, पण चांगल्या डब्यातून, जेम्स ब्राइस हिंडला. १८८८ च्या ‘दि अमेरिकन कॉमनवेल्थ’मध्ये त्यानं अमेरिकन जीवनाच्या एकसारखेपणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. तिथली शहरं एकमेकांपासून वेगळी कशात, तर काहींत विटा जास्त आणि काहींत लाकूड जास्त, असं त्याचं म्हणणं. हा विद्वान माणूस, पुढे ब्रिटनचा वॉशिंग्टनमधला राजदूत झाला. तो खोटं लिहीत नव्हता. स्टेशनसमोरचं हॉटेल, वकील, प्राध्यापक, सिनेटर यांच्याशी बोलणं आणि पुन्हा स्टेशन, या वाटेवर देश खरोखरच तसा दिसतो. आज कुणी विमानतळावरून विमानतळावर गेला तर त्याला विटा-लाकडाचाही फरक दिसणार नाही.

रडयार्ड किपलिंग मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला. १८८९ मध्ये कलकत्त्याहून निघून जपानमार्गे तो सॅन फ्रान्सिस्कोला उतरला; अलाहाबादच्या ‘पायोनियर’साठी पत्रं पाठवायची होती. वय तेवीस, जीभ तिखट. बंदरातला किल्ला बघून त्याला वाटलं, हाँगकाँगच्या दोन गनबोटी याला पुरेत. शिकागोला गेला, कत्तलखाने पाहिले, आणि हे शहर पुन्हा बघायला लागू नये असं लिहून मोकळा झाला. पण पेनसिल्व्हेनियाच्या बीव्हर या छोट्या गावात अलाहाबादच्या ओळखीच्या कुटुंबाकडे मुक्काम पडला, तिथे त्याचा सूर एकदम उतरला. झाडांच्या सावलीतले रस्ते, सहली, निर्धास्त मुली. पुढे लग्न करून १८९२ ते ९६ तो व्हरमाँटला राहिला. डोंगराच्या उतारावर लांबट घर बांधलं, त्याला ‘नौलखा’ नाव दिलं, आणि बर्फात बसून मोगली लिहिला. सिवनीच्या जंगलातला आपला मोगली मुळात व्हरमाँटचा. मेहुण्याशी भांडण कोर्टात गेलं तेव्हा गाव कोणाच्या बाजूचं आहे हे त्याला कळलं, आणि त्यानं घर सोडलं.

सेसिल शार्पची तऱ्हा वेगळीच. तो अमेरिका बघायला आलाच नव्हता, इंग्लंड शोधायला आला होता. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ ते १८, दम्यानं बेजार झालेला हा लोकगीतांचा संग्राहक सहायक मॉड कार्पेलीसला बरोबर घेऊन ॲपलाचियन डोंगरात मिळून शेहेचाळीस आठवडे फिरला. इंग्लंडमध्ये विसरली गेलेली कथागीतं इथे बायका स्वयंपाक करताना म्हणत होत्या. दीड हजारांहून अधिक चाली त्यानं उतरवून घेतल्या. त्याच डोंगरात बँजो होता, चर्चची भजनं होती, काळ्यांची गाणी होती. त्याचा कान तिकडे फारसा गेला नाही. ज्या भागात तो इतके आठवडे राहिला, त्यातलंही त्याला हवं तेवढंच त्यानं उचललं. मुक्कामानं सगळं होतं असं नाही, हे मान्य करायला हवं.

विसाव्या शतकात ही माणसं खुशीनं अडकून घ्यायला लागली. सॅलफर्डचा ॲलिस्टर कुक १९४२ मध्ये युद्धकाळातली अमेरिका मोटारीनं हिंडला; ते हस्तलिखित कपाटात पडून राहिलं आणि त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. १९४६ ते २००४ त्याचं ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ बीबीसीवरून चाललं. जोनाथन रेबननं सोळा फुटी होडी घेऊन मिनियापोलिसपासून मिसिसिपी उतरली आणि शेवटी सिॲटललाच घर केलं. नायपॉल दक्षिणेत गेले ते वंशभेद बघायला, आणि धर्म, घर, जुनी शिस्त यांवरच बोलत राहिले. त्रिनिदादच्या ऊसमळ्यांतून आलेल्या माणसाला चार्ल्सटन फार परकं वाटलं नाही. गॅरी यंग या कृष्णवर्णीय ब्रिटिश पत्रकारानं वंशभेदाविरुद्ध बसनं निघालेल्या १९६१ च्या फ्रीडम रायडर्सच्या वाटेनं बसप्रवास केला. लोक त्याला बघून एक ठरवायचे आणि त्यानं तोंड उघडलं की गोंधळायचे. काळा माणूस असा बोलतच नाही, ही त्यांची खात्री. शंभर वर्षं इंग्रज प्रवासी अमेरिकनांच्या उच्चारावरून त्यांचा प्रांत ओळखत आले. इथे उलटं झालं.

एक गोष्ट सांगायची राहिली. सिनसिनाटीत पैसा संपल्यावर ट्रॉलपबाईंनी तिथेच एक ‘बझार’ बांधला होता. मुरीश कमानी, ग्रीक खांब, इजिप्शियन नक्षी असं सगळं एकत्र करून, वर नाचाचं दालन आणि खाली इंग्लंडहून मागवलेल्या शोभेच्या वस्तूंचं दुकान. खारवलेलं मांस विकणाऱ्या गावानं त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. लोक त्या इमारतीला ‘ट्रॉलपबाईंचा वेडेपणा’ म्हणू लागले. यादवी चालू असताना त्यांचा मुलगा अँथनी, तोवर मोठा कादंबरीकार झालेला, अमेरिकेवर पुस्तक लिहायला हिंडत होता. तो सिनसिनाटीला आला आणि आईची इमारत बघायला गेला. एका बाजूला एक वैदू, दुसऱ्या बाजूला बायकांच्या हक्कांची वैद्यकशाळा. मालकानं सांगितलं, साहेब, या इमारतीत आजवर कुणाही बाईनं किंवा बाप्यानं एक डॉलर मिळवला नाही. मी तर आता भाड्याचीही अपेक्षा ठेवत नाही.